चालायला सांगते, पण कुठून?

गुडघा बदलल्यानंतरचे पहिले सहा-आठ आठवडे पेशंट आम्हा फिजिओथेरपिस्टच्या हातात असतो. पुढची सगळी वर्षं तो त्याच्या घराभोवतीच्या रस्त्यांच्या हातात असतो. या दुसऱ्या भागाबद्दल आमच्या क्षेत्रात फार कमी बोललं जातं, आणि रस्ते आखणाऱ्यांच्या बैठकांमध्ये तर आमच्यापैकी कुणी नसतंच. म्हणून हे लिहिते आहे.

माझं क्लिनिक ठाण्यात पाचपाखाडीत आहे, पण कामाचा मोठा भाग घरोघरी जाऊन असतो. सकाळी नौपाडा, चरई, विष्णूनगर. दुपारनंतर घोडबंदर रोड, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत. आठवड्यातला एक दिवस नवी मुंबईतल्या नेरूळला एका मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये बसते. त्यामुळे साधारण एकाच वयाची, एकाच ऑपरेशनमधून गेलेली, पण तीन अगदी वेगळ्या रस्त्यांच्या वस्त्यांमध्ये राहणारी माणसं मला शेजारीशेजारी पाहायला मिळतात. माझ्या पेशंटपुरतं मी आता ठामपणे सांगू शकते: सहा महिन्यांनी कोण किती चालतंय, हे ऑपरेशन कसं झालं यापेक्षा रस्त्यांची जोडणी कशी आहे यावर जास्त ठरतं. रस्ता रुंद आहे का, काँक्रीटचा आहे का, हे प्रश्न नंतरचे. एक रस्ता दुसऱ्याला कुठे मिळतो, हा पहिला.

कासारवडवलीच्या एका आजींना मी म्हटलं, "आजी, घरातल्या फेऱ्या आता पुरेत. रोज खाली उतरायचं आणि वीस मिनिटं बाहेर चालायचं."

"चालते की गं," त्या म्हणाल्या. "कुठून चालू, तेवढं सांग."

आणि मला बाल्कनीत घेऊन गेल्या. चौदाव्या मजल्यावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या संकुलाची मागची भिंत, भिंतीला लागून पलीकडे केमिस्ट, भाजीवाल्यांची रांग, एक छोटंसं गणपतीचं देऊळ आणि बसायला पार. सरळ रेषेत जेमतेम दोनशे मीटर. पण भिंतीला दार नाही. देवळात जायचं तर पुढच्या गेटने सर्व्हिस रोडवर यायचं, तिथून मुख्य रस्त्याच्या कडेने पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि मग तेवढंच आत यायचं. एक किलोमीटरहून जास्त. वाटेत गटाराची उघडी-झाकलेली तोंडं, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, रिक्षांची रांग. नातू म्हणतो, "आजी, गाडीने सोडतो." म्हणजे दोनशे मीटरवरच्या देवळासाठी आणखी एक गाडी मुख्य रस्त्यावर येते.

माझं लहानपण नौपाड्यात गेलं. घंटाळीहून राम मारुती रोडला जायला तेव्हाही चार-पाच वाटा होत्या, आजही आहेत. कुठे बोळ, कुठे दोन इमारतींमधली चिंचोळी जागा. नौपाड्याचे रस्ते आदर्श आहेत असं मी म्हणणार नाही. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या असतात, फरश्या उखडलेल्या असतात, गोखले रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पण गोखले रोडवर गर्दी असली तर मागच्या गल्लीने जाता येतं, आणि त्या गल्लीत गाड्या हळूच चालतात, कारण दर पन्नास-साठ पावलांवर एक वळण आहे. तिथल्या माझ्या एक काकू व्यायाम म्हणून कधीच चालल्या नाहीत. त्या सकाळी कोथिंबीर आणायला जातात, दुपारी विसरलेलं आलं आणायला जातात, संध्याकाळी घंटाळी देवीच्या देवळात जातात आणि येताना कुणाच्या तरी दारात उभ्या राहून बोलतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पासष्टीच्या पुढच्यांनाही तेवढीच, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद टिकवणारे व्यायाम. काकूंचा बराचसा कोटा आलं-कोथिंबिरीतच भरतो.

घोडबंदरची रचना वेगळी का झाली, हे समजून घ्यायला हवं. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या पट्ट्यातून कापूरबावडी ते गायमुख असा एकच मोठा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना शेतं होती, पाडे होते, कारखान्यांच्या मोठ्या जमिनी होत्या. त्या एकेक करून विकल्या गेल्या. ज्याने जेवढा तुकडा घेतला त्याने तेवढ्याला भिंत घातली आणि आपलं गेट मुख्य रस्त्याच्या दिशेने काढलं. आज नकाशा पाहिला तर माशाच्या काट्यासारखा दिसतो: मधे एक जाड कणा, दोन्ही बाजूंना बारीक काटे, आणि शेजारच्या काट्यावर जायचं तरी आधी कण्यावर यावं लागतं. कोलशेत रोड आहे, पोखरण रोड आहेत, काही भागांत आतून जोडरस्तेही झाले आहेत, आणि जिथे झाले तिथला फरक मला पेशंटच्या पायांत दिसतो. पण बहुतेक ठिकाणी शाळा, दूध, दवाखाना, क्लास, बस या प्रत्येक कामासाठी माणूस त्याच कण्यावर येतो. न्हावा-शेवा बंदर आणि भिवंडीच्या गोदामांकडून गुजरातला जाणारे ट्रेलरही तिथूनच जातात. पाचवीतलं पोर आणि चाळीस फुटी कंटेनर यांना एकच रस्ता देणं हा नियोजनातला निर्णय आहे. तो कुणी ठरवून घेतला नसेल, पण त्याचे परिणाम ठरवून घेतल्यासारखेच होतात.

आता रस्ता ओलांडण्याबद्दल, कारण माझ्या पेशंटचं सगळं अडतं ते इथे.

सिग्नलची वेळ बसवताना पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या वरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला गेला, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर आली आणि बायकांची ०.८. म्हणजे ज्या वेगावर सिग्नल बसवला जातो, तो वेग त्या वयाच्या बहुतेकांकडे नसतोच. मी पेशंटचा वेग नियमित मोजते. हॉलमध्ये चार मीटरवर दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि स्टॉपवॉच धरायचं, एवढंच त्याला लागतं. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी सत्तरीतल्या बाईने ०.८ गाठला की मला समाधान वाटतं, घरचेही खूश होतात. आता हाच आकडा रस्त्यावर नेऊन पाहा. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्या बाईला ३० सेकंद लागतील. १.२च्या हिशेबाने तिला २० सेकंद मिळतात. सिग्नल बदलतो तेव्हा ती पलीकडच्या कडेपासून आठ मीटर लांब, म्हणजे दोन लेनहून अधिक अंतरावर, गाड्यांसमोर उभी असते. हातात काठी. ही बाई आळशी नाही, घाबरटही नाही. ती पुन्हा त्या रस्त्यावर न जाण्याचा निर्णय घेते आणि तो तिच्या दृष्टीने बरोबर असतो.

मग उपाय म्हणून पादचारी पूल बांधतात. शहरातल्या रस्त्यावर पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर एका बाजूला छत्तीस-सदतीस पायऱ्या झाल्या, पुलाच्या तळाची जाडी वेगळी. तेवढ्याच पुन्हा उतरायच्या. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी" हे आम्ही पेशंटकडून पाठ करून घेतो. घरातल्या तीन-चार पायऱ्यांसाठी ते चालतं. भर उन्हात, पिशवी घेऊन, मागून घाईत येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना वाट देत छत्तीस पायऱ्या त्या पद्धतीने चढून पाहा. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. ज्यांचे गुडघे अजून बदललेले नाहीत, त्यांना तर पूल दोन्हीकडून दुखवतो. रस्त्यावरच्या सर्वांत अशक्त माणसाने दोन मजले चढायचे, म्हणजे सर्वांत ताकदवान वाहनाला ब्रेक दाबावा लागू नये, ही मांडणी मला अजिबात मान्य नाही. जमिनीवरूनच ओलांडता आलं पाहिजे. फुटपाथच्या पातळीला उचललेला पट्टा, मधल्या दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा, म्हणजे एका दमात पूर्ण रस्ता पार करावा लागणार नाही, आणि सिग्नल ०.८च्या हिशेबाने. यात कोणतंही नवं तंत्रज्ञान नाही.

वेगाचंही तसंच. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, दुचाकीची ६०. राज्यांना आणि शहरांना ती कमी करता येते. फेब्रुवारी २०२०मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने जाहीर केलं की जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३०ची मर्यादा असावी. हा ३० काही हट्टाने काढलेला आकडा नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोटारीने पादचाऱ्याला ताशी ५० ऐवजी ६५च्या वेगाने धडक दिली तर तो मरण्याची शक्यता साडेचारपट होते. २०२२मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. जे वाचतात त्यातले काही माझ्याकडे येतात. मांडीचं हाड, खुबा, पाठीचा कणा. त्यांच्या फायलीवर 'अपघात' एवढंच लिहिलेलं असतं, रस्त्याचं नाव कुठेच नसतं. प्रत्येक फ्रॅक्चरच्या नोंदीत ठिकाण लिहायची सक्ती झाली तर कुठला चौक दुरुस्त करायचा हे शोधायला वेगळी समिती लागणार नाही. डेंग्यूचा पेशंट आला की पत्ता घेतात, फवारणीला माणूस जातो. पाय मोडलेला आला की असं कुणी जात नाही.

फुफ्फुसाच्या पेशंटची गोष्ट आणखी अवघड. दमा किंवा धूम्रपानाने फुफ्फुसं खराब झालेल्या माणसाला चालणं हे औषधाइतकं महत्त्वाचं असतं. लंडनमध्ये साठीच्या वरच्या लोकांना दोन ठिकाणी दोन-दोन तास चालवून पाहिलं होतं. काही निरोगी, काहींना फुफ्फुसाचा जुना आजार, काहींना हृदयविकार. एकदा हाईड पार्कमध्ये आणि एकदा डिझेलच्या बसेसनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. हा अभ्यास २०१८च्या आसपास प्रसिद्ध झाला. बागेत चालल्यावर फुफ्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रहदारीच्या रस्त्यावर तो फायदा बराचसा पुसला गेला. हे वाचल्यापासून मी घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर कुणालाही चालायला पाठवत नाही. मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला वाहनांच्या धुराचा सर्वाधिक त्रास होतो, असा अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटचा २०१०चा निष्कर्ष आहे. आता घोडबंदरच्या नकाशावर कण्याच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरची रेघ मारा. किती शाळा, किती पाळणाघरं, किती दवाखाने त्या पट्ट्यात येतात ते तुम्हीच मोजा. काटे आपसात जोडलेले असते तर आतल्या आत जाणाऱ्या मुलाला रोज दोनदा त्या धुरात यावं लागलं नसतं.

रात्रीच्या आवाजाबद्दल थोडक्यात. आपल्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवसा बंदीचे तास पाळून थांबलेली अवजड वाहनं रात्री सुटतात. मुख्य रस्त्याकडे तोंड असलेल्या घरांतले माझे रक्तदाबाचे पेशंट खिडकी बंद करून झोपतात, आणि उन्हाळ्यात झोपतच नाहीत.

रुग्णवाहिकेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जोडणीचा प्रश्न थेट जीवाशी येतो. गायमुखच्या घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की त्याची शेपटी कासारवडवलीपर्यंत येते हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका हात-पाय परत मिळण्याचा संभव जास्त. माझ्या एका काकांना घरातून उचलण्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत यायला झालेला उशीर मी आजही त्यांच्या उजव्या हातात पाहते. बोटं उघडतात, पण पेला धरत नाहीत. १०८ची गाडी वेळेवर आली होती, चालकाने शर्थ केली होती. पण जायला दुसरी वाट नव्हती. नौपाड्यात रस्ते अरुंद असूनही रिक्षावाला काहीतरी करून गल्लीतून बाहेर काढतो. एकच रुंद रस्ता असण्यापेक्षा चार अरुंद रस्ते असलेली वस्ती आणीबाणीत जास्त सुरक्षित असते.

नेरूळला मला वेगळंच चित्र दिसतं. १९६५च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली, १९७०मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि जमीन आधी एकत्र ताब्यात घेऊन मग रस्ते आखले गेले. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. घोडबंदरला तो उलटा झाला. नेरूळच्या सेक्टरांच्या आत शाळा, मैदान, बाजार आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आतले रस्ते एकमेकांना मिळतात, जुन्या सेक्टरांत झाडं एवढी वाढली आहेत की मे महिन्यातही सावलीत चालता येतं. तिथले माझे पेशंट सर्वांत लवकर घराबाहेर पडतात. सहाव्या आठवड्यात काठी घेऊन बागेत, तिसऱ्या महिन्यात काठीशिवाय स्टेशनच्या बाजारात. पण सेक्टरच्या कडेला आलं की तिथेही गोष्ट बदलते. मोठे रस्ते सरळ आणि वेगाला आमंत्रण देणारे. पाम बीच रोडवर रात्री गाड्या कशा धावतात हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. खाडीकाठच्या मोकळ्या हवेसाठी ज्यांना तो रस्ता ओलांडावा लागतो, त्या ज्येष्ठांना मी अजूनही सोबत घेऊनच जायला सांगते. सेक्टर जोडले, नोड (अनेक सेक्टर मिळून झालेले उपनगराएवढे विभाग) जोडले, पण सेक्टर आणि सेक्टर यांच्या मधल्या ओलांडण्याकडे त्याच प्रेमाने पाहायचं राहिलं.

आणखी एक गोष्ट मोजमापात येत नाही म्हणून नियोजनात सुटते. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या अभ्यासकाने १९६९च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं होतं की तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती. फरक फक्त रहदारीचा होता. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी तीन मित्र निघाले, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. माझ्या घोडबंदरच्या पेशंटपैकी कितीतरी जण मी गेले की व्यायाम झाल्यावरही मला सोडत नाहीत. चहा होतो, पोह्यांचा आग्रह होतो, मुलाच्या अमेरिकेच्या गोष्टी होतात. त्यांना गुडघ्याइतकीच बोलायला माणसं हवी असतात, आणि माणसं भिंतीपलीकडच्या पारावर बसलेली असतात.

म्हणून मी भिंतीपासून सुरुवात केली. मानपाड्याच्या पुढे दोन संकुलं आहेत, पाठीला पाठ लावून. एकात माझे बरेच पेशंट आहेत, दुसऱ्याच्या बाहेर केमिस्ट, भाजी आणि बसथांबा. मी दोन्हीकडच्या चेअरमनना भेटले, नकाशा दाखवला, आणि सभेत बोलायला वेळ मागितला. सभेत जे आक्षेप आले ते खोटे नव्हते. बाहेरचे लोक येतील. दुचाकीवाले शॉर्टकट करतील. कुत्री येतील. वॉचमनचा पगार कोण देणार. एका तरुण बाईंनी विचारलं, "मॅडम, माझी मुलगी खाली खेळते, उद्या कुणी अनोळखी माणूस आला तर?" हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नव्हता. मी त्यांना विचारलं की आज तुमची मुलगी शाळेच्या व्हॅनपर्यंत कुठून जाते. त्या म्हणाल्या, सर्व्हिस रोडने. मग एक निवृत्त काका उठले, बँकेतले होते, आणि म्हणाले, "गेट माणूसभर रुंद करा. मधे एक खांब घाला. दुचाकी जाणारच नाही, चाकाची खुर्ची जाईल. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ. पैसे दोन्हीकडून निम्मे." दोन बैठका आणि बरीच पत्रं झाल्यावर ते गेट झालं. उंबरठा ठेवू नका एवढाच माझा आग्रह होता, तो पाळला गेला. आता त्या गेटमधून सकाळी शाळेची मुलं जातात, दहाच्या आत कामाला येणाऱ्या मावश्या जातात, ज्यांना आधी बसथांब्यापासून वळसा घालून यावं लागायचं. मी ज्येष्ठांचा विचार करून गेले होते. सर्वांत जास्त वेळ त्या मावश्यांचा वाचला.

एक गेट सोसायट्या काढू शकतात. शंभर गेटं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा हे शहराचं काम आहे. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तिथे बहुतेक अर्ज स्वतःच्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असतात. मला वाटतं, डॉक्टर, नर्स, फिजिओ यांनी तिथे पेशंटच्या वतीने लिहायला हवं. मोठ्या संकुलाला परवानगी देतानाच त्यातून आरपार जाणारी सार्वजनिक पायवाट राखून घ्या. शाळेच्या आराखड्याबरोबर शाळेपर्यंतच्या वाटेचाही आराखडा मागा. फुटपाथची मोकळी रुंदी रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान १.८ मीटर सांगितलेली आहे, कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको असं म्हटलेलं आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नियम आहेत, निकाल आहे. गल्ली ते गल्ली जोडणीचं काम उरलं आहे.

ठाण्यात आत्ता हजारो कोटींची कामं चालू आहेत किंवा आखली आहेत. बोरिवलीकडे जाणारा जुळा बोगदा, बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्ता, मेट्रो चार. खाडीकिनारी रस्त्यावर ट्रेलर गेले आणि त्याच दिवशी जुन्या घोडबंदर रोडचा वेग उतरवून, कडेला झाडं आणि चालायची जागा वाढवली, तर माझा त्याला मनापासून पाठिंबा असेल. तसं न करता नुसत्या लेन वाढवल्या तर त्या भरतात. अमेरिकन महानगरांच्या अभ्यासातून २०११मध्ये हेच दिसलं की महामार्गाच्या लेन जितक्या वाढल्या, गाड्यांचं धावणंही जवळपास तितकंच वाढलं. मेट्रोकडून मला सर्वांत जास्त आशा आहे, कारण बस आणि रेल्वेने जाणारा माणूस दोन्ही टोकांना चालतो. पण स्थानकाच्या जिन्यापासून घराच्या गेटपर्यंतची ती दहा मिनिटं आज सर्व्हिस रोडवरूनच आहेत. स्थानकाभोवतीच्या एक किलोमीटरमधल्या वाटा मेट्रोच्या खर्चातच धरल्या पाहिजेत. त्या नंतर करू म्हटलं की तोपर्यंत प्रत्येकाने दुचाकी घेतलेली असते, आणि एकदा घेतलेली दुचाकी माणूस सोडत नाही.

कासारवडवलीच्या आजींच्या भिंतीची सभा गणपतीनंतर आहे. पलीकडची जागा खाजगी आहे, मालकांशी एकदा बोलणं झालं आहे, त्यांनी सरळ नकार दिलेला नाही. घोडबंदरवर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती: तुमच्या संकुलाची मागची भिंत कुणाला लागून आहे, तिच्यापलीकडे काय आहे आणि आत्ता तिथे जायला किती वळसा पडतो, हे फोटोसकट मला कळवा. भिंती एका नकाशावर आल्या की पुढच्या अर्जाला तो जोडते. नेरूळ-सीवूड्सच्या वाचकांनी भिंतींऐवजी ओलांडायच्या जागा कळवाव्यात, आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे नेऊन हिरवा सिग्नल किती सेकंद टिकतो ते मोजावं.